टोपांच्या खोलीतला वारा

आत्याच्या खोलीत जायचं तर बाहेरच शिंकून, खोकून, नाक शिंकरून मग जायचं. आत कुणी शिंकलं तर आत्या ओरडायची नाही. चष्म्यावरून नुसती बघायची. रंगमंचावर गर्जना करणारे नट त्या नजरेपुढे खिशात रुमाल चाचपताना मी पाहिलेत.

आत्या केसांचे टोप करते. नाटकातल्या राजांचे, खलनायकांचे, चेटकिणींचे, आणि आजारपणात ज्यांचे केस गेले त्यांचेही. टोप करायचा म्हणजे काय, तर धड दिसतही नाही अशा जाळीच्या एकेका भोकातून बारीक आकडीनं एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. मग पुढचं भोक, पुढचा केस. अख्खं डोकं असं भरायचं. लहानपणी मी तिच्या पायाशी बसून ते बघत राहायचे. आकडी आत जायची, बाहेर यायची, आणि रिकाम्या जाळीवर कपाळाची रेघ हळूहळू उमटायची. वाटायचं, त्या लाकडी डोक्यालाच आतून केस फुटताहेत.

"श्वास घेतेस ना ग?" मी विचारायचे.

"गाठ बसली की घेते."

या कामाचा वैरी म्हणजे वारा. टेबलावर केस मांडतात ते सगळी मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला ठेवून. एक झुळूक आली की कुठलं मूळ आणि कुठलं टोक, काही कळत नाही, आणि उलटा बांधलेला केस बाकीच्या सगळ्यांशी भांडत बसतो. म्हणून आत्यानं वाऱ्याला बंदीच केली होती. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी, वरच्या झरोक्यात चिंध्यांचा बोळा, दाराखाली जुन्या चादरीची वळकटी. याच कोंदट खोलीत ती केस धुवायची, दोरीवर वाळत घालायची, आणि केसांना कुरळेपणा द्यायला किटलीची वाफ दिवसभर फुसफुसत असायची. भिंतीला चिकटून कपाटं, कपाटांवर ओळीनं डोकी. काही लाकडाची, काही कापडाची, आत भुसा भरलेली. एकाचं नाव साहेब, एकीचं रडकी, एक जावईबापू. आत्या त्यांच्याशी बोलायची. खरं सांगते, ती ऐकताहेत असंच वाटायचं.

ही गोष्ट एका पोरीपासून सुरू होते. शाळेत जाणारी, चुणचुणीत, डोक्याला रुमाल बांधलेली. आजारपणाचे उपचार सुरू व्हायच्या आधी तिच्या आईनं तिची लांबलचक वेणी कापून जपून ठेवली होती. त्याच केसांचा टोप आत्यानं करायला घेतला होता. दुसऱ्या कुणाचे केस त्यात घालायचे नाहीत, असा पोरीचा हुकूम होता.

टोप झाला. माय-लेकी आल्या. आत्यानं तो दोन्ही हातांत धरून पोरीच्या डोक्यावर ठेवला, पुढून सारखा केला, आरसा समोर धरला. पोरगी आरशात बघेचना. तिनं एक बट ओढून नाकाशी नेली.

"आजी, हे माझे केस नाहीत."

"तुझेच आहेत ग राणी."

"माझ्या केसांना असा वास नव्हता." आणि तिनं नाक मुरडलं. "ओल्या गोणपाटासारखा येतोय."

आई कानकोंडी झाली. "अगं, असं बोलू नये मोठ्यांना..."

"मग वास घे ना तू!"

आईनं घेतला. तिचा चेहरा बोलला.

आत्यानं टोप परत घेतला, स्वतः हुंगला, मग मला हुंगायला दिला. आम्ही सगळे त्याच खोलीत इतकी वर्षं वावरलो होतो की आम्हाला तो वास येतच नव्हता. पोरीला मात्र आला होता, आणि पोरगी खोटं बोलत नव्हती.

"शाळा उघडायच्या आधी ये," आत्या म्हणाली. "तोवर तुझे केस तुला तुझ्यासारखे करून देते."

त्या दोघी गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि खोकली. खोकला तिला पूर्वीपासूनच होता, पण खोलीबाहेर जाऊन खोकायची ती. आज आतच खोकली.

आत्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याला निमित्तच हवं होतं.

"आई, आता पुरे कर. त्या भिंतीला मी किती वेळा रंग मारलाय? मारला की पुन्हा काळी. तुझी छाती बघ, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. खोली रिकामी करू, बंद करू."

"रंग मारलास, आणि कपाट परत लावलंस. मागं काय झालंय ते पाहिलंस कधी?"

"वरच्या बाईंच्या न्हाणीचं पाणी झिरपतंय, दुसरं काय! तूच म्हणतेस ना?"

तेही खरं होतं. वर पाणी वाजलं की आत्या झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. मग वरच्या बाई पाय आपटायच्या. या संभाषणाला आमच्या घरात बरीच जुनी परंपरा होती.

"हे बघ," आत्या म्हणाली, आणि आवाज इतका खाली गेला की दादाही जवळ सरकला. "ही भिंत नीट करून घेऊ. रंग फासून नाही, नीट. आणि ती पोरगी परत आली आणि तिनं पुन्हा नाक मुरडलं, तर मी आकडी खाली ठेवीन. तुला सांगायलाही लागणार नाही."

दादा तिच्या हाताकडे बघायला लागला. मीही. आत्याच्या हातातली आकडी खाली ठेवलेली कशी दिसते, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मग ठोक्या आला. ठोक्या म्हणजे गवंडी. खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणी घेत नसावं. भिंत दिसली की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची त्याला सवय. दारातून आत येईपर्यंत त्यानं चौकट, कपाट आणि साहेबांचं डोकं, तिन्ही ठोकून पाहिलं.

"डोकं भरीव आहे, मावशी."

"तुझ्यापेक्षा," आत्या म्हणाली.

"मग त्यालाच विचारू भिंत कशी दुरुस्त करायची!" ठोक्या खदखदून हसला आणि बाह्या सरसावल्या. "चला, कपाट हलवा."

दादा, ठोक्या आणि मी, तिघांनी मिळून कपाट ओढलं. ते करकरत पुढं आलं, मागं उजेड पडला, आणि आम्ही जिथल्या तिथं उभे राहिलो.

मागची भिंत भिंत राहिलीच नव्हती. खालपासून वरपर्यंत काळं, हिरवट, राखाडी असं काहीतरी उगवलं होतं. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, काठाला पांढऱ्या तंतूंची झालर. मधला भाग मखमलीसारखा दाट, तर कडांकडे ते इतकं विरळ होत गेलं होतं की कुठं संपतं ते बोट ठेवून सांगता येऊ नये. कुणी हाक मारली नाही, पाणी घातलं नाही, आणि आमच्या पाठीमागं गपचूप एक अख्खं रान वाढत होतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याआधी मी भान हरपून बघत राहिले.

आत्या पुढं झाली. चष्मा वर केला, भिंतीशी तोंड नेलं.

"काय बारीक गाठी मारल्यात बघ," ती पुटपुटली.

"मावशी, कौतुक मागाहून! आधी मास्क लावा, आणि भिंतीवर श्वास सोडू नका. ही बुरशी उडाली तर सगळी तुमच्याच छातीत मुक्कामाला येईल."

मग त्यानं भिंत ठोकली. वर, खाली, कोपऱ्यात. कान लावला. बाहेर जाऊन मागच्या अंगानं भिंत पाहून आला. परत येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"वरून पाणी येतंय ना?" आत्यानं विचारलं. "येणारच. ती दिवसभर नळ सोडून बसते."

"तसंच वाटत होतं मला. पण बाहेरून भिंत खडखडीत आहे, वरचा कोपराही कोरडा. आता मी काय सांगू? भिंतीलाच विचारू."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीचा चौकोनी तुकडा कापला, भिंतीवरचा एक पट्टा ओल्या फडक्यानं पुसून कोरडा केला आणि त्यावर तो तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवला. "उद्या बघू. थेंब प्लास्टिकच्या मागं जमले तर भिंत ओली, पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला जमले, तर पाणी या खोलीतूनच येतंय."

"खोलीतून कसं येईल? खोलीत काय नदी आहे?"

"मावशी, उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आमच्या सगळ्यांच्या आधी खोलीत होती. प्लास्टिकच्या पुढच्या अंगावर, आमच्याकडे तोंड करून, बारीक बारीक थेंबांची रांग लागली होती. आत्यानं बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ठोक्यानं तुकडा सोलून काढला. मागची बाजू कोरडी होती.

"भिंत रडत नाहीये," ठोक्या म्हणाला. हसत नव्हता या वेळी. "तुमची खोली तिच्यावर रडतेय. केस धुता, वाफ सोडता, आणि बाहेर जायला एक फट ठेवली नाहीत. पाणी जाणार कुठं? गार भिंतीला जाऊन चिकटणार. वर दादांनी फासला ऑइलपेंट. म्हणजे भिंतीला रेनकोट. आणि रेनकोटावर कपाट."

आत्या खिडकीकडं बघत राहिली. ती पिवळी पडलेली चिकटपट्टी. ती तिनं स्वतःच्या हातांनी लावली होती, केस उडू नयेत म्हणून. केसांना जपायला जे जे केलं, त्याच वाटेनं बुरशी आत आली होती.

"मग ती वरची..." ती म्हणाली.

"त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नाही."

"बिचारी म्हणू नकोस. ते मी माझं बघते."

ती वर गेली. मला बरोबर नेलं, बहुधा साक्षीला. वरच्या बाईंनी दार उघडलं आणि आत्याच्या हातांकडे पाहिलं.

"झाडू नाही आणलात आज?"

"चूक माझी होती," आत्या म्हणाली. एका दमात, प्रवेश चुकलेल्या नटानं उरलेलं वाक्य म्हणून टाकावं तसं. "ओल तुमची नव्हती. माझ्याच खोलीची होती."

वरच्या बाईंनी कमरेवर हात ठेवले. "इतकी वर्षं मी हळू हळू अंघोळ करतेय, कळलं का? तांब्या वाजू नये म्हणून. तुमच्या दांड्यानं माझ्या फरशीला पोक आलंय!"

"ठोक्याला सांगते, बघून देईल."

"राहू दे. या आत, चहा टाकते. आणि ते केस धुऊन खोलीत कशाला वाळवता? माझ्या गॅलरीत ऊन बघा केवढं येतं."

आत्यानं ऊन पाहिलं. मला वाटतं, तिनं ते कामाच्या नजरेनंच पाहिलं.

मग खोली उघडी पडली. आधी सगळं सामान बाहेर. दाराला प्लास्टिकचा पडदा, ठोक्याच्या तोंडाला मास्क, हातांत मोजे. दादानं कोरडीच भिंत खरवडायला पत्रा उचलला तेव्हा ठोक्या त्याच्या अंगावर धावून गेला. "ओली करा आधी! कोरडी खरवडलीत तर धूळ घरभर नाचेल." पाणी शिंपडून, हळूहळू, ऑइलपेंटचे पापुद्रे निघाले, त्याखाली कुजलेला गिलावा, मऊ, भिजलेल्या पावासारखा. तो पिशव्यांत भरून, तोंडं बांधून गेला. आणि खाली विटा दिसल्या. तांबड्या, स्वच्छ, कुणीतरी कधीतरी सरळ रेषेत मांडलेल्या. इतक्या सडक्या कातडीखाली इतकी निरोगी हाडं. दादा हात लावून बघत होता. त्याचा सगळा राग त्या विटांनी शोषून घेतला असावा.

भुशाच्या डोक्यांवर वाद झाला.

"ही जायला हवीत, मावशी. लाकडाची पुसून, उन्हात ठेवून चालतील. भुसा ओल धरतो."

"ही गिऱ्हाइकांच्या मापाची आहेत. रडकीचं माप मी पुन्हा कुठून आणू? ती बाई आता नाही."

ठोक्यानं बोटानं रडकीचं डोकं ठोकलं. आवाज आला नाही, ओल्या मातीला ठोकल्यासारखं झालं. आत्यानं ते डोकं जवळ घेतलं, हुंगलं. मग तिनंच ते पिशवीत ठेवलं. नाव घेऊन, एकेक. जावईबापूंना शेवटी.

"आता नवीन गिलावा कधी?" तिनं विचारलं.

"भिंत सांगेल तेव्हा."

आणि भिंत लवकर सांगेना. ठोक्या रोज कामावर जाता जाता डोकवायचा, विटांवर ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा. "अजून नाही." शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते. आत्या स्वयंपाकघरात बसून पोरीचा टोप उसवत होती. बांधलेली प्रत्येक गाठ सोडवायची आणि प्रत्येक केस मूळ इकडं, टोक तिकडं ठेवायचा. एक जरी तुटला तरी बदली केस नव्हता. मग ते धुतलेले केस वरच्या बाईंच्या गॅलरीत, पातळ कापडाच्या दोन घड्यांमध्ये पसरून, उन्हात. वरच्या बाई शेजारी राखणीला. एकदा वरून हाक आली, "अहो, तुमच्या केसांवर चिमणी बसायला बघतेय!" आणि आत्या, जी पायऱ्या चढताना धापा टाकायची, ती पळत वर गेली.

एक दिवस ठोक्यानं वीट ठोकली आणि टण्ण असा आवाज आला. त्यानं पुन्हा ठोकली. मला बोलावून ठोकायला लावली. तांब्याच्या भांड्यासारखी वाजत होती.

"बोलली!" ठोक्या ओरडला.

चुन्याचा गिलावा झाला, तोही सावकाश. वर चुन्याचाच साधा, श्वास घेणारा रंग. झरोक्यातला चिंध्यांचा बोळा जाऊन तिथं हवा बाहेर फेकणारा पंखा आला. किटली त्या पंख्याखाली. कपाटं भिंतीपासून हातभर पुढं. "हात मागून फिरला पाहिजे," ठोक्याची अट. आणि शेवटची अट: "गाठी मारताना खिडकी बंद ठेवा, तुमची मर्जी. पण काम थांबलं की उघडायची. रोज."

आत्यानं नव्या जाळीवर पोरीचे केस पुन्हा बांधले. खिडकी बंद करून, श्वास धरून, पूर्वीसारखे. टोप पुरा झाला. लाकडी डोक्यावर चढवला, इतर टोपांच्या रांगेत ठेवला. दुपार होती.

"उघडू?" मी विचारलं.

"उघड बाई. ठोक्यानं शपथ घातलीय."

चिकटपट्टी केव्हाच निघाली होती, तरी खिडकी अडली. मी खांदा लावला. ती उघडली.

वारा आत आला आणि सगळी डोकी जिवंत झाली.

राजाचे खांद्यापर्यंतचे केस मागं उडाले. चेटकिणीची जट डुलली. म्हाताऱ्याची पांढरी विरळ बट कपाळावर आली आणि परत गेली, जणू काही आठवलं आणि विसरलं. साहेबांचा काळा भांगही एका बाजूनं हलला. कुणीतरी नाटक सुरू व्हायच्या आधी पडद्यामागं सगळी पात्रं उभी करावीत आणि ती एकदम श्वास घ्यायला लागावीत, तसं. मी हात जोडायचेच बाकी होते. आत्या तर हलत नव्हती.

"आत्या?"

"मी यांना हलताना कधी पाहिलंच नाही ग," ती म्हणाली. "एवढे बांधले. एकालाही हलताना पाहिलं नाही."

ती एकेका डोक्यासमोर उभी राहिली. आणि पोरीच्या टोपाशी आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे बघ. बघ, बघ! पुढचा काठ कसा उचलतोय. डब्याचं झाकण आहे हे! सगळे केस एकाच दिशेला, दाटीवाटीनं. खऱ्या कपाळावर असे कुठं असतात?" मग तिनं माझे केस धरून माझं कपाळ उजेडात फिरवलं. "इथं एक असा, एक तसा, मध्ये मोकळं. वारा नव्हता म्हणून मला कळलंच नाही. आरशापुढं बसून लोक वाहवा करत होते आणि मी फुगत होते!"

"पण पोरगी परवा येणार ना?"

"मग बस आणि केस मांड माझ्याबरोबर. मुळं इकडं."

पुढची रेघ तिनं सगळी उसवली. पुन्हा बांधताना खिडकी बंद करायची, थोडं बांधलं की उघडायची, वाऱ्याला दाखवायचं, पुन्हा बंद. मधूनच म्हणायची, "काय म्हणतोस? इथं जास्त झाले?" डोक्यांशी बोलणारी आत्या आता वाऱ्याशी बोलत होती आणि, मला तरी, त्यात नवल वाटलं नाही.

माय-लेकी आल्या. दादाही कामावरून मुद्दाम आला होता. ठोक्या दारात होता, "फरशी बघायला वर चाललोय" असं म्हणून तिथंच उभा. वरच्या बाई तर काहीच न सांगता आल्या होत्या.

पोरीनं उंबऱ्यावर थांबून आधी नाक शिंकरलं. नियम लक्षात होता तिच्या. मग आत आली, हात पुढं केले. आत्यानं टोप तिच्या हातांत दिला, डोक्यावर नाही.

पोरीनं तो नाकाशी नेला. आमच्यापैकी कुणी हललं नाही.

"येतोय का?" आईनं विचारलं.

पोरीनं पुन्हा हुंगलं. खोल. मग चेहरा वर केला. "उन्हाचा येतोय."

वरच्या बाईंनी ठोक्याला कोपरानं ढोसलं. "माझी गॅलरी!"

आत्यानं टोप चढवला. पोरीनं आरशात पाहिलं, बरं म्हणावं की नाही अशा चेहऱ्यानं. मग ती खिडकीशी गेली, खाली रस्त्यावर काहीतरी बघायला. वारा आला. केस तिच्या तोंडावर आले, एक बट थेट तोंडात गेली.

"फू!" पोरगी म्हणाली. आणि रस्त्यावरची नजर न काढता, लक्षही न देता, तिनं बोटानं ती बट कानामागं सारली.

टोप घातलेलं माणूस असं करत नाही. स्वतःचे केस असलेलं माणूस करतं.

आत्यानं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली तेव्हा मला कळलं.

"आत्या," मी हळूच म्हटलं, "श्वास घे ना ग."

तिनं घेतला. खिडकीतून आलेला, भरपूर, छाती भरून, आणि खोकला आला नाही. आली ती शिंक. अशी की टेबलावर मुळं-टोकं लावून मांडलेले एका राजाचे केस चारी दिशांना उडाले.

पोरीनं वळून चष्म्यावरून बघावं तसं पाहिलं, चष्मा नसतानाही.

"आजी," ती म्हणाली, "बाहेर जाऊन शिंकायचं असतं ना?"